मदत हवी आहे: बोन स्कॅन की पीएसएमए पेट? आणि पीएसएमए तर कोणतं?

नमस्कार मंडळी. आमच्या आण्णांना (वय ७२, कोल्हापूर) प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय, ग्लिसन ८ (गाठ किती आक्रमक आहे याचा गुणांक; ८ म्हणजे जास्त). हाडांत पसरलाय का ते बघायचंय. एक डॉक्टर म्हणतात टेक्नेशियम या किरणोत्सर्गी औषधाचा बोन स्कॅन पुरे, दुसरे म्हणतात थेट पीएसएमए पेट करा (पीएसएमए हे प्रोस्टेटच्या गाठीच्या पेशींवरचं प्रथिन; त्याला चिकटणारं किरणोत्सर्गी औषध टोचून केलेला स्कॅन).

बोन स्कॅनचं औषध गाठीला नाही, हाड जिथं नव्यानं भरतंय तिथं चिकटतं. म्हणजे आण्णांचे झिजलेले गुडघे चमकणार, आणि उसाच्या ट्रॉलीवरून पडून मोडलेली बरगडीही चमकू शकते. पेट स्कॅनचं नेहमीचं औषध एफडीजी, ते साखरेसारखं, पण प्रोस्टेटच्या बऱ्याच गाठी ते फारसं ओढत नाहीत, त्यामुळं ते मी बाजूलाच ठेवलंय. मला स्वतःला पीएसएमए पटतंय.

पण त्यातही दोन प्रकार, औषधाला कोणता किरणोत्सर्गी अणू जोडलाय त्यावरून. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी. औषध पुण्याहून गाडीनं कोल्हापूरला यायला चार तास धरले तर फ्लोरिन पावाहून थोडं कमी उरतं, गॅलियम दहावा हिस्साही नाही. गॅलियमवालं लघवीतून जातं, मूत्राशय झगमगतं, शेजारचं झाकोळतं. फ्लोरिनचं पीएसएमए-१००७ बरंचसं यकृतावाटे जातं, पण त्यात बरगड्यांवर फसवे ठिपके दिसतात म्हणे. नेमकी बरगडीच!

न्यूक्लिअर मेडिसिनमधलं कुणी आहे का इथं? जुनं फ्रॅक्चर असताना कोणतं मागावं? आणि स्कॅन कोल्हापुरातच करावा की आण्णांना पुण्याला न्यावं? त्यांना लघवी फार वेळ धरवत नाही, तेही लक्षात घेऊन सांगा.