हर्स्ली हाउसमधलं ऑफिस: वास्तू वाचली असं म्हणायचं का?

घडीव_दगड:
कामानिमित्त इंग्लंडला गेलेल्यांपैकी काहींनी विंचेस्टरजवळचं हर्स्ली पाहिलं असेल. सर विल्यम हीथकोटनी 1721 ते 1724 दरम्यान बांधलेली लाल विटांची हवेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर जॉर्ज कूपरनी ती बरीच वाढवली. आज तिथे आयबीएमची प्रयोगशाळा आहे. माझं मत सरळ आहे: ऑफिस झालं म्हणूनच हे घर उभं आहे. मृत्युकर (मालक वारल्यावर वारसांना भरावा लागणारा कर) आणि नोकरांचा तुटवडा यांपायी विसाव्या शतकात इंग्लंडात अशी घरं धडाधड पाडली जात होती. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने गेलेल्या घरांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा यादी हजाराच्या वर गेली होती. घरात रोज माणसं वावरत असली की छप्पर कुठे गळतंय ते त्याच आठवड्यात कळतं.

सोनचाफा:
अजिबात पटत नाही. भिंती उभ्या आहेत म्हणजे घर वाचलं? विंचेस्टर कॉलेजच्या चॅपलमधून 1870 च्या दशकात काढलेलं सतराव्या शतकातलं कोरीव लाकडी पॅनेलिंग पुढे हर्स्लीत लागलं होतं. तेही आता तिथे नाही. आतून एकेक गोष्ट जात राहिली, तर उरतो तो नुसता सांगाडा.

घडीव_दगड:
ते पॅनेलिंग कॉलेजचंच होतं आणि 1960 च्या सुमारास कॉलेजच्याच नव्या हॉलमध्ये परत लागलं. माहेरी गेलं म्हणा. त्याला नुकसान कसं म्हणू?

दिवाणखाना:
हर्स्ली मला मान्य आहे, पण त्यावरून नियम काढू नका. सरे परगण्यातलं डीपडीन बघा. कलासंग्राहक टॉमस होपचं घर, इंग्लंडच्या वास्तुकलेत या घराचं मोठं नाव. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सदर्न रेल्वेने तिथे आपली कचेरी थाटली. माणसं रोज येत-जात होती, टेबलं मांडलेली होती. तरी 1969 मध्ये पाडलं. कचेरीला जागा हवी असते. त्या जागेची माया असेलच असं नाही.

सोनचाफा:
हेच म्हणते मी!

फूटपट्टी:
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत वीस वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. प्रश्न ऑफिसचा नाही, यंत्रं कुठे ठेवता आणि भिंती कशा घालता त्याचा आहे. मोठ्या दालनाच्या खोल्या करायच्या असतील, तर मधली भिंत कॉर्निस (छताखालची नक्षीदार पट्टी) कापून वर न्यायची नाही. तिचा वरचा काठ कॉर्निसच्या वळणाप्रमाणे कोरायचा. उद्या ती भिंत काढली की खाली नक्षी जशीच्या तशी सापडते. केबल न्यायला बंद पडलेली धुराडी असतात, भिंतीला खाचा कशाला? आणि लाकडी तुळयांच्या तक्तपोशीवर कागदपत्रांची भरलेली कपाटं रांगेने लावणं म्हणजे त्या तुळयांचा जीव घेणं आहे. हर्स्लीचं नशीब हे की भोवती प्रचंड बाग होती. नव्या इमारती तिथे उठल्या, जड कामं तिकडे गेली आणि हवेलीवर तो भार आला नाही. डीपडीनबद्दल दिवाणखाना यांचं बरोबर आहे, ते मनाला लागतं.

सोनचाफा:
पण त्या नव्या इमारतींनी बागेची रया गेली, त्याचं काय? हवेली आणि तिचा परिसर ही एकच रचना होती.

घडीव_दगड:
परिसराला 1940 मध्येच धक्का बसला. सुपरमरीन या विमान कंपनीचा साउथॅम्प्टनचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाल्यावर तिचा आराखडा विभाग हर्स्लीला आला. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या पुढच्या आवृत्त्यांची रेखाटनं इथे झाली. आयबीएम 1958 मध्ये आली ती त्यानंतर. मला तर हीथकोटच्या दिवाणखान्याइतकाच ड्रॉइंग बोर्डांचा तो काळही या घराचा वाटतो. तो पुसून 1724 वर परत जायचं कशासाठी?

सोनचाफा:
तो काळ पुसा असं मी म्हणत नाही. पण स्पिटफायरची रेखाटनं जिथे झाली ते घर शाळकरी पोरांना आतून बघता यायला हवं. फाटकावर ओळखपत्र मागणाऱ्या वास्तूला मी वाचलेली म्हणणार नाही. वर्षातले दोन-चार दिवस तरी दारं सगळ्यांसाठी उघडा.

घडीव_दगड:
या एका मागणीवर माझी सही धरा.