कामावर परत घेतलं, पण कसं? पुनःस्थापना, फेरनेमणूक, रुजू

काढून टाकलेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेणं, यासाठी मराठीत एकच नेमका शब्द हवा, असा आग्रह अनेकदा धरला जातो. पुनर्नियुक्ती सुचवली जाते, पुनर्भरती सुचवली जाते, हल्ली बहालीही. मला वाटतं, शब्द निवडण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: जुनी नोकरी पुढे चालू झाली, की नवी सुरू झाली?

आमच्या शेजारचे काका एका कारखान्यात फिटर होते. मंदीत कपात झाली, दीड वर्षाने परत बोलावणं आलं. काकूंनी मजल्यावर पेढे वाटले. मग काका पत्र घेऊन माझ्याकडे आले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे 'नव्याने नेमणूक' म्हणजे काय रे? मी तर अकरा वर्षं तिथेच होतो ना?" त्या 'नव्याने'मुळे ते ज्येष्ठतेच्या यादीत तळाला गेले होते. पुन्हा कपात झालीच, तर 'शेवटी आला तो आधी जाणार' या नियमाने पहिला नंबर त्यांचाच. ग्रॅच्युइटीची पाच वर्षंही पहिल्या दिवसापासून मोजायची.

याला मी फेरनेमणूक किंवा पुनर्नियुक्ती म्हणेन. माणूस तोच, नोकरी नवी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने हा भेद स्पष्ट ठेवला होता. कलम २५-एच प्रमाणे, कपात झालेल्या कामगाराला नव्या भरतीत इतरांच्या आधी संधी द्यायची. कलम ११-अ ची गोष्ट वेगळी: तिथे कामगार न्यायालय बडतर्फीच रद्द करून कामगाराला मूळ जागी बसवू शकत होतं. ही पुनःस्थापना. तिच्याबरोबर 'सेवासातत्य' (मध्ये खंड न धरता जुनी सेवा पुढे चालू) आणि 'मागील वेतन' (कामाबाहेर काढलेल्या काळाचा पगार) हे शब्द आदेशात आहेत की नाहीत, हे डोळ्यांत तेल घालून पाहावं. नुसतं 'कामावर घ्यावे' एवढंच लिहिलं असेल, तर त्यावरून पुन्हा वाद उभा राहतो.

(लेखन पुनःस्थापना असंच करावं. पुढे स आल्यावर विसर्गाचा र होत नाही. 'पुनर्स्थापना' बरीच रूढ झाली आहे, तरी मी ती टाळतो. पुनर्नियुक्तीत मात्र र् योग्यच.)

बहाली मला अजिबात नको. हिंदी वर्तमानपत्रांत 'कर्मचारी बहाल' म्हणजे त्यांना पूर्वपदावर घेतलं. मराठीत आपण पदवी बहाल करतो, अधिकार बहाल करतो, म्हणजे देतो. 'कामगारांना बहाल केले' असं वाचल्यावर मराठी माणूस विचारणार, काय बहाल केले?

पुनर्भरती ही आकड्यांची भाषा आहे. शंभर जागा भरल्या, एवढंच ती सांगते. त्या जागांवर जुनी माणसं आली का, हे तिच्यातून कळत नाही.

आता रुजू. हा माझा आवडता शब्द. मुळात अरबी, आणि तिथे त्याचा अर्थच 'परतणं'. मराठीत तो कामावर हजर होण्यासाठी स्थिरावला, म्हणून पहिल्या दिवशीही माणूस 'रुजू' होतो. एसटीच्या संपात एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ तारखेपर्यंत मुदत दिली, तेव्हा बातम्यांमध्ये सगळीकडे 'रुजू व्हा' हेच होतं. पण लक्षात घ्या, रुजू कामगार होतो. त्याला परत घेण्याचा निर्णय मालकाचा. तो सांगायचा असेल तर 'रुजू करून घेतले' असं लिहावं लागतं. १९८२ च्या गिरणी संपानंतर हा फरक हजारो घरांनी भोगला. माणसं रुजू व्हायला तयार होती, गेटवर कुणी करून घेत नव्हतं.

बातमीत जुनी सेवा धरली की नाही हे माहीत नसेल, तर सरळ 'कामावर परत घेतले' लिहावं. त्यात काही कमीपणा नाही, आणि चुकीचं आश्वासनही जात नाही. कामगार स्वतः हेच म्हणतात. "परत घेतलं" म्हणून कुणी सांगितलं, की लगेच पुढचा प्रश्न येतो, "जुनी सर्व्हिस धरली का?"