वाहनतळावर उभ्या गाडीला कोणीतरी घासून गेले आहे; दावा करावा की पदरचे पैसे घालून काम करून घ्यावे?

उलटा गिअर

नमस्कार. काल दुपारी एका सशुल्क वाहनतळाच्या तळघरात गाडी उभी केली होती. साधारण तीन तासांनी परतलो, तेव्हा मागच्या बंपरचा डावा कोपरा घासलेला दिसला. ओरखडा वीतभर लांब आहे आणि माझी गाडी करड्या रंगाची असल्यामुळे त्यात भरलेला लाल रंग लांबूनही दिसतो. त्याच बाजूच्या मागच्या दाराला, बरोबर मध्यावर, बोटाच्या पेराएवढा उभट पोचाही आला आहे. वायपरखाली चिठ्ठी वगैरे काही नव्हती आणि शेजारची जागा रिकामी होती.

फाटकावरच्या रखवालदाराला बोलावून दाखवले, तर «गाडी आत आली तेव्हाच अशी होती» असे तो ठामपणे म्हणाला. पावतीच्या मागे «वाहने मालकाच्या जोखमीवर» असे छापलेले आहेच. त्याच्याशी हुज्जत घालण्यात माझा अर्धा तास गेला. शेवटी मोबाइलवर घाईघाईने दोन फोटो काढले आणि घरी आलो. घरी आल्यावर ओल्या फडक्याने तो लाल रंग पुसायला घेतला होता, पण थोडा निघताच मनात शंका आली आणि थांबलो.

वाहनतळाच्या चालकांवर काही जबाबदारी येते का, कॅमेऱ्याचे चित्रीकरण मागायचे तर कसे मागावे, आणि बंपर व दार मिळून एकच विमा दावा करावा की हा खर्च सरळ स्वतःच सोसावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. विमा सर्वंकष आहे, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसानही त्यात येते.

मोजपट्टी

पुसायचे थांबलात हे फार बरे केलेत. मी बरीच वर्षे विमा सर्वेक्षक म्हणून काम केले आहे. माझ्या अनुभवात लोक पुरावा हरवतात तो चोरांमुळे किंवा पोलिसांमुळे नव्हे, तर गाडी स्वच्छ ठेवण्याच्या सवयीमुळे. तो लाल रंग म्हणजे समोरच्या गाडीने मागे ठेवलेली सही आहे, असे समजा.

उद्या सकाळी उजेडात पुन्हा फोटो काढा. पहिला फोटो चार-पाच पावलांवरून, संपूर्ण गाडी आणि नंबरप्लेट दिसेल असा हवा; मग गुडघ्यावर बसून ओरखड्याच्या समपातळीवरून एक, आणि शेवटी जमिनीवर टेकवलेली मोजपट्टी ओरखड्याशेजारी उभी धरून एक. उंची महत्त्वाची का, तर ओरखडा जमिनीपासून जितक्या उंचीवर आहे, साधारण तितक्याच उंचीवर त्या लाल गाडीच्या अंगावर तुमचा करडा रंग लागलेला असणार. ब्रेक दाबताना गाडीचे नाक किंचित खाली जाते, आत किती माणसे बसली आहेत यानेही थोडा फरक पडतो, म्हणून बोट-दोन बोटांची तफावत चालते. वीतभराची चालत नाही. शिवाय घासल्यामुळे निघालेला रंगाचा भुगा आणि कोपऱ्यातल्या सालपटी बहुधा ओरखडा जिथे संपतो त्या टोकाकडे गोळा होतात. ते टोक पुढच्या चाकाकडे आहे की डिकीकडे, हे नीट पाहिले की समोरची गाडी आत शिरत होती की बाहेर पडत होती याचा अंदाज बांधता येतो.

आता दावा. तुम्ही «बंपर व दार मिळून» असे लिहिले आहे, तिथेच मला अडखळायला झाले. दाराच्या मध्यावरचा लहान उभट पोचा आणि बंपरच्या कोपऱ्यावरचा लांब आडवा ओरखडा हे एका धक्क्यात होणे कठीण आहे. पहिला प्रकार बहुतेक वेळा शेजारच्या गाडीचे दार निष्काळजीपणे उघडल्यामुळे होतो, तर दुसरा वळण चुकल्यामुळे. दोन घटना असतील, तर विमा कंपनीच्या दृष्टीने ते दोन दावे होतात आणि वजावटही, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः भरायची रक्कम, दोनदा सोसावी लागते. सर्वेक्षकाला हे कळत नाही असे समजून दोन्ही नुकसाने एका घटनेत बसवण्याचा मोह टाळा. त्यापायी खरा दावासुद्धा संशयात सापडतो.

खर्चाचा हिशेब असा करा. समजा दुरुस्तीचा खर्च 100 आहे आणि तुमची वजावट 20 आहे, तर हातात येणार 80. पण या दाव्यामुळे पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाणार असेल आणि तो पुन्हा पूर्वीच्या पातळीवर यायला काही वर्षे लागणार असतील, तर त्या सगळ्या वर्षांत जास्त भराव्या लागणाऱ्या हप्त्याची बेरीज 80 च्या जवळ जाते की नाही हे आधी पाहा. जात असेल, तर दावा करण्यात अर्थ नाही. मात्र लाल गाडीचा मालक सापडला, तर हे गणितच बदलते. नुकसान त्याच्याकडून किंवा त्याच्या तृतीय पक्ष विम्यातून (दुसऱ्याचे नुकसान भरून देणाऱ्या) मागता येते आणि तुमच्या पॉलिसीला हात लावावा लागत नाही. म्हणून आधी शोध घ्या, हिशेब नंतर करा. दरम्यान तुमच्या कंपनीला घटनेची सूचना मात्र मुदतीत देऊन ठेवा, आणि सूचना दिली म्हणजे दावा केला असे तुमच्या पॉलिसीत धरले जाते का, तेही त्याच वेळी विचारून घ्या. पाहणी होण्यापूर्वी काम सुरू करू नका.

तळमजला

मी वाहनतळाच्या व्यवस्थापनाचे काम करतो, म्हणजे या धाग्यावरचा विरुद्ध पक्ष आहे असे म्हणा.

रखवालदाराशी भांडून काहीही निष्पन्न होत नाही, कारण त्याला कबुली देण्याचा अधिकार नसतो आणि नाही म्हणण्याची सूचना असते. व्यवस्थापकाच्या नावे लेखी अर्ज द्या, आणि तो आजच द्या. कॅमेऱ्याच्या यंत्राची साठवण भरली की जुन्या चित्रीकरणावर नवे चित्रीकरण आपोआप चढते; काही ठिकाणी हे थोड्याच दिवसांत होते, काही ठिकाणी काही आठवड्यांत. तुम्ही पोलिसांकडे जाऊन, विमा कंपनीला कळवून, चार लोकांचा सल्ला घेऊन आठव्या दिवशी आलात, तर आमच्याकडे दाखवण्यासारखे काही उरलेले नसण्याचीच शक्यता अधिक.

अर्जात «चित्रीकरणाची प्रत द्या» असे लिहू नका. त्यात इतरांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर असतात, त्यामुळे प्रत देण्यास बहुतेक व्यवस्थापक नकार देतात, आणि एकदा नकार आला की बोलणे तिथेच थांबते. त्याऐवजी अमुक तारखेचे, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचे, अमुक खांबाजवळच्या जागेचे चित्रीकरण पुसले जाऊ नये म्हणून जतन करून ठेवावे, ते आपल्याला समक्ष दाखवावे आणि पोलिसांनी किंवा विमा कंपनीने मागितल्यास त्यांना द्यावे, असे लिहा. खांबाचा क्रमांक आठवत नसेल, तर तुमच्या फोटोंच्या पार्श्वभूमीत तो सापडतो का पाहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नंतर चित्रीकरण «चुकून» पुसले गेले, तरी ते जपायला सांगितले होते याचा कागद तुमच्याजवळ राहतो.

एक बारीक गोष्ट सांगतो, जी आमचे लोक आपणहून सांगणार नाहीत. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे घड्याळ अनेकदा मागे किंवा पुढे असते. चित्रीकरण पाहायला बसलात की सर्वांत आधी पडद्यावरची चालू वेळ आणि आपल्या मोबाइलमधली वेळ ताडून पाहा आणि जो फरक असेल तो लिहून घ्या. वीस मिनिटांचा फरक असेल आणि तो लक्षात आला नाही, तर माणूस भलताच तुकडा पाहून हताश होऊन निघून जातो.

«मालकाच्या जोखमीवर» या छापील ओळीबद्दल बोलायचे, तर ती वाचून लोक जेवढे घाबरतात तेवढी ती प्रभावी नसते, आणि आमचे मालक समजतात तेवढीही नसते. किल्ली तुमच्याच खिशात होती की आमच्या माणसाने गाडी ताब्यात घेऊन लावली, यावर बरेच अवलंबून असते. किल्ली आमच्याकडे दिलीत, तर गाडीचा सांभाळ आमच्याकडे येतो आणि ती धड परत करण्याची जबाबदारी नुसत्या एका ओळीने झटकणे अवघड जाते. तुम्ही स्वतः गाडी लावून किल्ली घेऊन गेलात, तर आम्ही केवळ जागा वापरायला दिली असे मानले जाण्याकडे कल असतो; अशा वेळी तुटलेला कठडा, बंद दिवे, चुकीच्या खुणा, आमच्याच माणसाने लावलेला धक्का, असा आमचा काही हलगर्जीपणा दाखवावा लागतो. नेमकी रेघ कुठे मारायची हे त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो. तुमच्या वर्णनावरून, दुसऱ्या ग्राहकाच्या गाडीने घासले असेल, तर आमच्याकडून पैशांपेक्षा माहिती मिळवण्यावर जोर द्या.

रंगलेप

वरच्या दोघांनी कागदोपत्री बाजू सांगितली आहे. मी डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यातला आहे, त्यामुळे हाताला जे कळते ते सांगतो.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात, म्हणजे दोन केसांच्या जाडीच्या आसपास. सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप. ओरखड्यावरून आडवे नख फिरवा. नख अडकले नाही, तर इजा बहुधा वरच्या लेपापुरतीच आहे आणि पॉलिशने भागते. नख अडकले, तर रंगकाम आले. तुमच्या बंपरवरचा लाल रंग म्हणजे तुमच्या रंगावर चढलेला परका रंग आहे. तो रबिंग कंपाउंडने उतरवला की खाली पुष्कळदा अपेक्षेपेक्षा कमी नुकसान निघते. अर्थात उतरवायचा तो फोटो आणि पाहणी आटोपल्यावरच.

बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्याला गंज चढत नाही, त्यामुळे दोन-तीन आठवडे थांबलात तरी काही बिघडत नाही. दाराच्या पोच्यावर रंग तडकलेला नसेल, तर तिथेही घाई नाही. तसा पोचा आतून सळईने हळूहळू रेटून, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) न भरता आणि रंग न लावता काढता येतो. पत्रा उघडा पडला असेल, तर मात्र तेवढ्या जागी टचअपचा थेंब लावून ठेवा.

पण बंपरच्या बाबतीत खरी फसगत वेगळीच असते. धक्का बसला की प्लॅस्टिक आत दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते, त्यामुळे बाहेरून नुसता ओरखडा दिसतो, आणि आत धरून ठेवणारी पट्टी किंवा क्लिपा तुटलेल्या असतात. कोपऱ्यावर तळहात ठेवून हलकेच दाबा. खडखड वाजले, किंवा मडगार्ड आणि बंपर यांच्यामधली फट उजव्या बाजूपेक्षा डावीकडे जास्त दिसली, तर बंपर उतरवून आत पाहिल्याशिवाय अंदाजपत्रक मान्य करू नका. तुमच्या गाडीत मागून येणाऱ्या वाहनाची सूचना देणारी रडार यंत्रणा असेल, तर ती बहुधा याच कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या मागे असते. तिची बैठक जराशी जरी कलली, तरी इशारे चुकतात, आणि तिच्यासमोर जाड लांबी भरून रंग चढवला तरी तिला नीट दिसत नाही. स्वस्तात काम करून देणारा याबद्दल अवाक्षर काढत नाही.

चिठ्ठीवाला

थोडे वेगळे, पण याच विषयातले. गेल्या वर्षी मी स्वतः मागे घेताना एका उभ्या गाडीचा आरसा मोडला. चिठ्ठीत नाव, फोन आणि गाडीचा नंबर लिहून ती वायपरखाली ठेवली, परंतु ती उडून जाईल असे वाटले, म्हणून चिठ्ठीचा फोटो काढला, चिठ्ठीसकट त्या गाडीचा फोटो काढला आणि कार्यालयात जाऊन नोंदही केली. चिठ्ठी खरोखरच मालकाला मिळाली नाही. कार्यालयातली नोंद होती म्हणूनच मी पळपुटा ठरलो नाही. म्हणून प्रश्नकर्त्यांना सुचवतो की, चित्रीकरणापूर्वी तिथल्या कार्यालयात कोणी काही सांगून गेले आहे का, एवढे साधे विचारून पाहा.

उलटा गिअर

सर्वांचे मनापासून आभार. काय घडले ते नोंदवतो.

कार्यालयात कोणी काही कळवलेले नव्हते. अर्ज त्याच दिवशी दिला, पोच घेतली आणि दुसऱ्या दिवशी चित्रीकरण पाहायला मिळाले. पडद्यावरचे घड्याळ खरोखरच अकरा मिनिटे मागे होते. एक लाल गाडी शेजारच्या जागेतून बाहेर पडताना वळण आखूड घेते, माझ्या बंपरच्या कोपऱ्याला घासते, क्षणभर थांबते आणि निघून जाते, हे स्पष्ट दिसते. नंबर अर्धवटच वाचता आला, पण फाटकावरच्या कॅमेऱ्यात तो पूर्ण आला आहे. तो मला सांगितला गेला नाही. पोलिसांकडे नोंद केल्यावर त्यांनी मागवून घेतला आणि आता त्या मालकाची विमा कंपनी माझ्याशी बोलत आहे. बंपर दाबल्यावर खडखड वाजते, त्यामुळे तो उतरवून पाहणी करण्याचे ठरले आहे.

दाराच्या पोच्याविषयी मात्र मला थोडे ओशाळून लिहावे लागत आहे. मोजपट्टी यांच्या सूचनेनंतर मोबाइलमधले गाडीचे जुने फोटो चाळले. तीन महिन्यांपूर्वी गाडी धुतल्यावर हौसेने काढलेल्या एका फोटोत, दारावर पडलेले खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब बरोबर त्याच जागी वाकडे झालेले दिसते. म्हणजे तो पोचा तेव्हाही होता आणि माझ्या लक्षातच आला नव्हता. रखवालदार निदान अर्धे तरी खरे बोलत होता. दार मी दाव्यातून काढून टाकले असून ते काम रंगलेप यांनी सांगितलेल्या पद्धतीने, पदरच्या पैशांतून करून घेणार आहे.

मोजपट्टी

दार काढलेत ते योग्यच झाले. बंपर उतरवतील तेव्हा तिथे स्वतः हजर राहा, तुटलेल्या पट्टीचा फोटो ती जागेवर असतानाच काढा, आणि जुना भाग अंतिम मंजुरी येईपर्यंत कार्यशाळेत ठेवून घ्यायला सांगा.