मदत हवी: लाँग एक्स्पोजरमध्ये झाड दुहेरी का येतंय?

गाळपेर:
सूर्यास्ताला तळ्यावर लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढतोय. पाणी पाहिजे तसं गुळगुळीत येतं, आकाशही छान. पण पाण्यातलं वाळलेलं झाड दर वेळी दुहेरी. ट्रायपॉड आहे, वारा नव्हता. शनिवारी परत जायचंय, लवकर सांगा. लेन्स बदलू का?

तेलंगखेडी:
कॅमेरा कोणता, शटर किती सेकंदांचं, उजेड कमी करणारा काळा फिल्टर कितीचा? आणि तळं कोणतं भाऊ? नागपुरात फुटाळा तलावाच्या पक्क्या काठावर उभं राहणं वेगळं आणि उमरेडकडच्या तळ्यांच्या चिखलात वेगळं.

सावनेरकर:
स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) बंद करा. ट्रायपॉडवर ते चालू राहिलं की हलत नसलेल्या कॅमेऱ्याला सावरायला जातं आणि तिथेच फोटो बिघडतो. माझं नेमकं हेच झालं होतं.

गाळपेर:
बंदच आहे. टायमर २ सेकंदांचा. फिल्टर १० स्टॉपचा, म्हणजे दहा वेळा उजेड निम्मा करणारा. ३० सेकंदांच्या फोटोत कमी दिसतं, ४ मिनिटांच्या फोटोत फार. आणखी एक, फोटो झाला की कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो. तोवर उजेड जातो.

तेलंगखेडी:
अडकत नाही जी. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू आहे. शटर बंद ठेवून कॅमेरा तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेतो आणि त्यातले ठिपके खऱ्या फोटोतून वजा करतो. मेनूत जाऊन बंद करा. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य जातो, पुढे कामाचा उजेड फार तर पंचवीस मिनिटं. त्यातली ८ मिनिटं एकाच फोटोला देऊ नका.

रॉ_फाइल:
फिल्टर पाहिजेच कशाला? २ सेकंदांचे ३० फोटो सलग काढा आणि घरी सॉफ्टवेअरमध्ये त्यांची सरासरी काढा, पाणी मिनिटभराच्या एक्स्पोजरसारखंच दिसतं. शिवाय कॅमेरा हलला असेल तर फोटो एकमेकांवर जुळवता येतात.

सावनेरकर:
मावळतीला २ सेकंद फिल्टरशिवाय कसे मिळणार? लेन्सचं छिद्र एफ/११ आणि संवेदनशीलता आयएसओ १०० ठेवली तर शटर १/१५ सेकंद येतं. ६ स्टॉपचा फिल्टर लावला तर कुठे ४ सेकंद होतात. १० स्टॉपला थेट ६८. उगाच नव्या माणसाला गोंधळात टाकू नका.

रॉ_फाइल:
१/१५ चेच जास्त काढा मग. मी असंच करतो.

अडई:
चक्रवाक टिपायचे असतील तर ४०० मिमीच्या लेन्सखाली जाऊ नका. उडताना शटर १/१६०० तरी ठेवा.

गाळपेर:
पक्षी नाही हो, झाड.

लक्ष्मीनगर:
अंबाझरी तलावावर जा. तिथल्या पाळीवर, म्हणजे बांधावर उभं राहिलं की सूर्य समोर पाण्याकडेच उतरतो, चिखलात जायचं कामच नाही.

अडई:
अन् जलपर्णी? तिचे फोटो काढायचे काय? २०२३ च्या सप्टेंबरात तळं ओसंडून घरादारांत पाणी शिरलं, त्यानंतर तरी या तळ्याकडे नीट बघायला पाहिजे होतं.

तेलंगखेडी:
त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पण लिहितो. गाळपेर, ट्रायपॉड नेमका कुठे ठेवला होता? आणि झाड कोणत्या बाजूला ओढल्यासारखं दिसतं?

गाळपेर:
बेशरमाच्या झुडपांपुढे, पोटरीभर पाण्यात. तिथून पाणकणसं बाजूला राहतात. झाड वरच्या बाजूला ओढल्यासारखं आहे. वजन म्हणून बॅगही टांगली होती.

तेलंगखेडी:
मग लेन्सला हात लावू नका. पुढचा पाय गाळात खचतोय. कॅमेरा खाली झुकला की फोटोत सगळं वर सरकतं. बाजूचा पाय खचला असता तर फोटो गोल फिरल्यासारखा दिसला असता, मधे कमी आणि कडेला जास्त. ३० सेकंदांत कमी आणि ४ मिनिटांत फार, तेही यामुळेच. बॅग काढा. गाळात वजनाने ट्रायपॉड आणखी आत जातो.

सावनेरकर:
बॅग टांगायलाच पाहिजे. नाहीतर वाऱ्यात थरथरतो.

तेलंगखेडी:
कडक जमिनीवर टांगा, हरकत नाही. इथे वारा नव्हता, गाळ होता. आपली काळी माती ओली झाली की तळहाताएवढ्या फरशीवरही पाय थोडा बसतोच. शहाबादी फरशीचे तीन तुकडे न्या, पायांखाली ठेवा, वरून जोर देऊन दाबा आणि पाच मिनिटं थांबा. मधली दांडी वर काढू नका. शटर उघडं असताना तुम्हीही जागचे हलू नका. तुमच्या पायाखालचा गाळ दबला की शेजारचा ट्रायपॉडही हलतो. फोकस फिल्टर लावायच्या आधी करा आणि मॅन्युअलवर टाका.

गाळपेर:
फरशी मिळेल. फिल्टरने फोटो जांभळट येतो, त्याचं काय?

रॉ_फाइल:
रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची छटा, घरी सुधारा. १० स्टॉपच्या स्वस्त फिल्टरमधून डोळ्यांना न दिसणारं इन्फ्रारेड शिरतं. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर काळ्या पट्टीने झाका, मागून उजेड येतो. कॅमेरा कोणता ते अजून सांगितलं नाही.

गाळपेर:
डीएसएलआरच. पट्टी लावतो.

तेलंगखेडी:
परत आल्यावर ट्रायपॉडचे पाय मिटू नका. तसेच लांब ठेवून धुवा, वाळू द्या, मगच आत सरकवा. गाळ लॉकमध्ये गेला की खरखर कायमची.