बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतर एचएसईची पदवी: सेफ्टी ऑफिसर होता येईल का, आणि गणितं का जुळत नाहीत?

लोटे_रात्रपाळी

बी.एस्सी. केमिस्ट्री. सध्या लोटे एमआयडीसीत प्रोडक्शनला शिफ्ट इन्चार्ज. एका खासगी विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.एस्सी. हेल्थ, सेफ्टी अँड एन्व्हायर्नमेंटला (एचएसई) प्रवेश घेतला आहे, पहिल्या सेमिस्टरची परीक्षा महिन्याभरावर आली आहे.

१. जाहिरातीत 'सेफ्टी ऑफिसर बना' असं लिहिलंय. या पदवीवर महाराष्ट्रातल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून नेमणूक होऊ शकते का?

२. आवाजाची मात्रा, अपघातांचे दर आणि वायूंच्या मर्यादा यांवरची गणितं पुस्तकागणिक वेगळी येतात. एका पुस्तकात उत्तर बरोबर, तेच दुसऱ्यात चूक. धरायचं कोणतं?

परमिटवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे अडकतात.

नेमणूक पदवीच्या नावावर होत नाही, नियमावर होते. जुन्या कारखाना अधिनियम १९४८ चं कलम ४०-ब आणि त्याखालचे महाराष्ट्राचे १९८२ चे सेफ्टी ऑफिसर नियम काढून वाचा. तिथे एकाच वेळी तीन गोष्टी लागतात. एक, मूळ शिक्षण आणि कारखान्यातला पर्यवेक्षकीय अनुभव: इंजिनिअरिंगची पदवी असेल तर २ वर्षं, फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा असेल तर ५ वर्षं. दोन, औद्योगिक सुरक्षिततेतली राज्य शासनानं मान्य केलेली पदवी किंवा पदविका. तीन, बहुसंख्य कामगार बोलतात त्या भाषेचं ज्ञान. तिसरी अट लोक विसरतात. तुम्हाला ती फुकटात मिळाली आहे.

घोळ होतो तो दुसऱ्या अटीत. विद्यापीठाला यूजीसीची मान्यता असणं वेगळं आणि त्या अभ्यासक्रमाला या नियमाखाली राज्याची मान्यता असणं वेगळं. प्रवेश घेतलाच आहे तर विद्यापीठाकडे त्या शासनमान्यतेच्या पत्राची प्रत मागा. 'यूजीसी अप्रूव्हड' एवढंच उत्तर आलं तर समजून घ्या. ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची यादीही तपासा. ती मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते, सरसकट विद्यापीठाला नसते.

नेमणुकीसाठी वहिवाटीचा रस्ता म्हणजे एडीआयएस, अर्थात औद्योगिक सुरक्षेतली एक वर्षाची प्रगत पदविका. मुंबईत सायनची केंद्रीय श्रम संस्था ती चालवते, शिवाय राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न संस्थाही आहेत. एम.एस्सी. वाया जाणार नाही, पण दाराची चावी ती नव्हे.

अनुभवाचं पत्र आत्ताच नीट करून घ्या. नुसतं 'केमिस्ट' लिहून भागत नाही. प्रोडक्शन विभाग, पर्यवेक्षकीय हुद्दा, हाताखाली किती माणसं, कोणत्या तारखेपासून, आणि खाली फॅक्टरी मॅनेजरची सही. नोकरी सोडल्यावर हे पत्र मिळवायला चपला झिजतात.

सोलापूरकर_एस

वरच्यात भर. नव्या श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षेची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, कारखाना अधिनियमाची जागा आता तिनं घेतली आहे. जुन्या कायद्यात सेफ्टी ऑफिसर १,००० कामगारांपासून (आणि धोकादायक कामांसाठी राज्य सांगेल तिथे) सक्तीचा होता. संहितेत ही संख्या कारखान्यासाठी ५००, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०, आणि बांधकामावरही २५० आहे. पात्रता मात्र सरकार नियमांनीच ठरवणार, म्हणून अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेला राज्याचा नियम पाहायचा.

'मग नेबॉश (ब्रिटनचं सुरक्षा प्रमाणपत्र) करू का' हा पुढचा प्रश्न येणारच. आखातात किंवा तेल-वायूच्या ठेकेदारीत जायचं असेल तर जरूर करा. लोट्याच्या कारखान्यात नेमणुकीसाठी ते एडीआयएसची जागा घेत नाही.

डेसिबल

आता दुसरा प्रश्न. तुमची गणितं चुकत नाहीयेत, पुस्तकं वेगवेगळ्या देशांच्या कायद्यांवर चालतात. प्रत्येक उदाहरणाच्या डोक्यावर आधी लिहा: हा आकडा कुणाचा?

आवाज घ्या. आपल्या कारखाना नियमांत ८ तासांना ९० डेसिबल (ए), आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मी: ९५ ला ४ तास, १०० ला २. अमेरिकेच्या ओशाचं (कामगार-सुरक्षेचे कायदे राबवणारी सरकारी यंत्रणा) कोष्टकही असंच चालतं. पण त्याच अमेरिकेतली नायॉश ही संशोधन संस्था ८५ डेसिबल आणि ३ डेसिबलला निम्मी वेळ धरते. समजा कामगार ९५ ला २ तास आणि ९० ला ६ तास उभा आहे. मात्रा म्हणजे प्रत्येक पातळीला काढलेला वेळ भागिले परवानगीचा वेळ, यांची बेरीज. आपल्या नियमानं मात्रा = २/४ + ६/८ = १.२५, म्हणजे १२५ टक्के. नायॉशनं ९५ ला परवानगी साधारण ०.७९ तास आणि ९० ला २.५२ तास, म्हणून मात्रा ४९० टक्क्यांच्या आसपास. माणूस तोच, कान तेच. उत्तरपत्रिकेत मापदंडाचं नाव लिहिलं नाही तर परीक्षकाला यातलं कोणतंही उत्तर चूक वाटू शकतं.

हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे डेसिबलची सरळ बेरीज. ९० ची दोन यंत्रं मिळून ९३ होतात, चार मिळून ९६, दहा मिळून १००.

अपघातांचे दर. भारतीय मानक ३७८६ मध्ये वारंवारता दरासाठी अपघातांची संख्या, तीव्रता दरासाठी बुडालेले दिवस, भागिले मनुष्यतास, गुणिले १० लाख. ओशा गुणिले २ लाख करते. ५०० कामगार × ८ तास × ३०० दिवस = १२ लाख मनुष्यतास. कामाचा वेळ बुडवणारे ३ अपघात झाले तर वारंवारता दर आपल्याकडे २.५, ओशाच्या हिशेबात ०.५. ९० मनुष्यदिवस बुडाले असतील तर तीव्रता दर ७५. त्यात एक मृत्यू असेल तर ६,००० दिवस धरायचे. बाकीच्या दोघांचे ९० दिवस धरून तोच दर ५,०७५ होतो. मनुष्यतास प्रत्यक्ष हजेरीवरून, ओव्हरटाइम धरून आणि रजा वगळून काढायचे. परीक्षेत ओव्हरटाइमचे तास मुद्दाम वेगळ्या ओळीत पेरलेले असतात.

वायूंच्या मर्यादेत केमिस्ट्रीची मुलंच जास्त फसतात, कारण हात आपोआप २२.४ कडे (० अंशाला एक मोल वायूचे लिटर) जातो. इथे २५ अंश सेल्सियसला २४.४५ घ्यायचे: मिग्रॅ प्रति घनमीटर = पीपीएम (दहा लाखांत किती भाग) × रेणुभार ÷ २४.४५. टोल्युईन या द्रावकाचा रेणुभार ९२.१४, १०० पीपीएमचे सुमारे ३७७ होतात. जुन्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत ३७५ छापलेत, ते याच हिशेबातले. २२.४ घेतलेत तर ४११ येतील आणि सगळं पान चुकेल.

लोटे_रात्रपाळी

२२.४ च घेत होतो. टोल्युईनवरूनच पुढचं: बंदिस्त जागेच्या प्रश्नात 'एलईएलच्या १० टक्क्यांखाली, म्हणून प्रवेश सुरक्षित' असं लिहिलं (एलईएल म्हणजे खालची स्फोटमर्यादा), अर्धे गुण गेले. का?

परमिटवाला

कारण तुम्ही आगीचं उत्तर दिलंत, श्वासाचं नाही. टोल्युईनची खालची स्फोटमर्यादा सुमारे १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम. तिच्या १० टक्के म्हणजे १,१०० पीपीएम. श्वासाची मर्यादा १००. स्फोट होणार नाही, पण आतला माणूस अकरापट हवेत उभा राहील.

उरलेले गुण मोजणीच्या क्रमाचे असतात: आधी ऑक्सिजन (१९.५ ते २३.५ टक्के), मग ज्वलनशील, मग विषारी. क्रम पाठ करू नका, कारण लिहा. ज्वलनशील वायू मोजणारा उत्प्रेरक प्रकारचा सेन्सर वायू जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन मारलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये तो शून्याच्या जवळ दाखवेल आणि बघणाऱ्याला वाटेल, आत काही नाही. सिलिकॉनच्या वाफांनी हाच सेन्सर मरतो, म्हणून वापरण्याआधी ज्ञात वायू देऊन बंप टेस्ट. मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला असेल तर टोल्युईनसाठी सुधारणा गुणक लागतो, नाहीतर आकडा कमी दिसतो. आणि वर, मध्ये, तळाशी अशा तीन ठिकाणी मोजायचं. हायड्रोजन सल्फाइड आणि टोल्युईनची वाफ तळाला बसतात, मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरून काही कळत नाही.

सांडपाणी_डेस्क

पर्यावरणाच्या पेपरलाही हीच गोची आहे. परदेशी पुस्तकात बीओडी (सांडपाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) म्हणजे ५ दिवस, २० अंश. आपल्या मानकांत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात ३ दिवस, २७ अंश. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३० आणि सीओडी (रसायनानं घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५० मिग्रॅ प्रति लिटर. पण कारखान्याच्या संमतिपत्रात वेगळा आकडा असेल तर तो चालतो. तारखा दोनच पाठ करा: घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म ४, ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरण, फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. घातक कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

डेसिबल

प्रकल्पाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण ऑनलाइनवाले तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत थांबतात आणि मग 'सुरक्षा जागरूकतेचं सर्वेक्षण' करून मोकळे होतात. तुमच्या हाताशी चालू प्लांट आहे. एकच नोड (प्लांटचा एक तुकडा) घ्या, उदाहरणार्थ टोल्युईन डे टँकपासून (दिवसाचा साठा ठेवणारी टाकी) रिअ‍ॅक्टरपर्यंतची चार्जिंग लाइन, आणि त्यावर हॅझॉप, म्हणजे काय बिघडू शकतं याचा पद्धतशीर अभ्यास, करा. अख्खा प्लांट घेतलात तर शंभर पानं भरतील, खोली येणार नाही.

आधी त्या लाइनचा हेतू आकड्यांत लिहा: किती लिटर, किती वेळात, किती तापमानाला. मग 'नाही', 'जास्त', 'कमी', 'उलट', 'शिवाय', 'ऐवजी' हे शब्द प्रवाह, दाब, तापमान, पातळी यांना एकेक करून लावा. 'जास्त प्रवाह' इथे खरा माल आहे. टोल्युईन वीज नीट वाहून नेत नाही, वेगानं किंवा वरून शिंतडत भरलं की स्थिर वीज साठते. म्हणून तळापर्यंत जाणारा डिप पाइप, त्याचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत, आणि बाँडिंग-अर्थिंग (भांडी-पाइप तारेनं एकमेकांना आणि जमिनीला जोडणं). 'उलट प्रवाह'मध्ये रिअ‍ॅक्टरमधला माल डे टँकमध्ये येऊ शकतो का, हे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबून उडवून लावू नका. तो अडकतो.

कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरची चूक' आणि शिफारशीत 'प्रशिक्षण द्यावं' एवढंच असेल तर मार्गदर्शक वही परत पाठवेल, आणि बरोबर करेल. कोणता अलार्म, कोणता इंटरलॉक (आपोआप प्रक्रिया थांबवणारी व्यवस्था), कुणी, कधीपर्यंत, ते लिहा. प्लांटच्या आराखड्याची प्रत वापरायला कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या, आणि विद्यापीठाला देताना उत्पादनाचं नाव व उपकरणांचे टॅग नंबर बदलून द्या.