सांगलीत डिझाइनवाल्यांना काम आहे का?
एकांनी विचारलंय, वस्तू नुसती देखणी करायला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला कारखानदार डिझायनरला कशाला पैसे मोजेल? माझं मत उलट आहे. देखणेपणा शेवटी येतो.

द्राक्षबागेतला पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप घ्या. भरला की नुसतं पाणीच १६ किलो. पट्टा अरुंद, खांद्यात रुततो. झाकण नीट बसलं नाही की वाकताना औषध मानेवर ओघळतं. डिझायनर आधी बागेत जाऊन हेच बघतो. मग फोमचं मॉडेल, प्रोटोटाइप म्हणजे वापरून बघायचा पहिला नमुना, पुन्हा बाग. उत्पादनाचा साचा बनवायला स्टील कापण्याआधीच चूक सापडते, आणि साचा दुरुस्त करणं किती महाग पडतं ते इथल्या टूलरूमवाल्यांना, म्हणजे साचे बनवणाऱ्यांना, विचारा.

मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून हे औद्योगिक डिझाइन शिकवतात, पुण्यात एलिफंट डिझाइन ही डिझाइन कन्सल्टन्सी १९८९ला सुरू झाली. आपल्याकडे किर्लोस्करांची कारखान्याची वसाहत किर्लोस्करवाडी १९१० सालची, तरी आजही बरेच कारखानदार दुसऱ्याचा नमुना समोर ठेवून कॉपी मारतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नवीन डिझाइन कन्सल्टन्सीने सुरुवातीला एकाच कारखान्याचं एकच उत्पादन तडीस न्यावं. आणि बाजारात आणण्याआधी डिझाइनची नोंदणी करा: सन २०००च्या डिझाइन कायद्याने १० वर्षं संरक्षण मिळतं, पुढे ५ वाढवता येतात.