एएच्या मीटिंगच्या दारातून दोनदा परत आलोय, मदत हवी आहे

नमस्कार. वय ४४, नोकरी चालू आहे, घरी बायको आणि मुलगी. गेली चार वर्षं रोज पितोय. सोडायला हवी हे मला पटलंय, प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्यांच्या मीटिंगचा पत्ता आणि वेळ त्यांच्या वेबसाइटवरून शोधली. गेल्या आठवड्यात दोनदा गेलो. पहिल्यांदा रस्त्यापलीकडे उभा राहून आत जाणाऱ्यांचे चेहरे बघत राहिलो, कोणी ओळखीचं निघतंय का म्हणून. दुसऱ्यांदा दाराच्या कडीला हात लावला, तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. दहा-बारा माणसं एकदम खळखळून हसत होती. आमच्या घरात कित्येक महिन्यांत कोणी असं हसलेलं नाही. मागे फिरलो आणि घरी जाताना बाटली घेतली.

आत गेल्यावर बोलावंच लागतं का? नाव-पत्ता लिहून घेतात का? मी देव फारसा मानत नाही, ते चालेल का? आणि खरं सांगायचं तर सकाळी घेतली नाही की हात थरथरतात. अशा अवस्थेत जावं, की आधी बंद करून मग जावं? बायको सोबत येते म्हणतेय.

प्रतिसाद १

दादा, मला दारू सोडून अठरा वर्षं झाली. थरथरणाऱ्या हातांचं आधी बोलू. रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. उद्याच डॉक्टरकडे जा. किती पिता ते खरं सांगा, निम्मं करून सांगू नका. औषधांच्या आधाराने ते दिवस नीट पार पडतात. मीटिंगमध्ये डॉक्टरी उपचार होत नाहीत, दोन्हींची गरज आहे. म्हणून मीटिंगसाठी थांबायचं मात्र कारण नाही. पिऊन आलेल्यालाही बसू देतात, त्या दिवशी फक्त ऐका म्हणतात.

बोलायची सक्ती नाही. "मी आज फक्त ऐकणार" एवढं पुरतं. फी नाही. देणगीची टोपली फिरते तेव्हा नवीन माणसाने काही टाकलं नाही तरी कोणी बघत नाही. नाव पहिलंच सांगायचं, आडनाव नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने ज्या बारा पायऱ्या सांगितल्यात, त्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, पण तो 'आपल्याला उमगेल तसा'. माझ्या ग्रुपमधल्या एका नास्तिकाने पहिली दोन वर्षं ग्रुपलाच आपली वरची शक्ती मानलं. तेही नको वाटलं तर स्मार्ट रिकव्हरी नावाचे गट आहेत. १९९४ पासून चालतात, विचार आणि वागणूक बदलण्याच्या तंत्रांवर त्यांचा भर असतो. दोन्हींच्या ऑनलाइन मीटिंगही असतात, कॅमेरा बंद ठेवून बसता येतं. तरी मी म्हणेन, समोरासमोर जा. जाताना दोघा-तिघांचे फोन नंबर मागून घ्या, कारण ओढ लागते ती मीटिंग संपल्यावर.

आता हसण्याचं. तुम्ही ऐकलंत ते कोणाची तरी लपवलेल्या बाटल्यांची गोष्ट ऐकून आलेलं असणार. जी गोष्ट बाहेर कुणाला सांगता येत नाही, तिथे ती ऐकून सगळे माना डोलावतात. एएची सुरुवातच तशी झाली. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एएचे एक संस्थापक बिल विल्सन कामानिमित्त गेले होते. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, काम फसलेलं आणि हॉटेलातल्या बारमधून आवाज येत होते. त्यांनी बारऐवजी फोन गाठला आणि आपल्यासारखाच एखादा पिणारा शोधला. सापडले ते सर्जन डॉक्टर बॉब. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही म्हणून आले आणि काही तास बोलत बसले. तुम्हीही पंधरा मिनिटांसाठी म्हणून जा.

प्रतिसाद २

मी पिणाऱ्याची बायको. ताईंना सोबत न्यायचं असेल तर यादीत 'खुली मीटिंग' लिहिलंय का ते बघा, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते. पण त्यांच्यासाठी अल-अॅनॉनही आहे, १९५१ पासून, पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी आणि जवळच्यांसाठी. मी तिथे गेले तेव्हा 'हे पितात का' याच्याऐवजी 'तू झोपतेस का' असं मला कोणीतरी पहिल्यांदा विचारलं. त्यांनी तुमची वाट न बघता जावं.

धागाकर्ता, सोळा दिवसांनी

डॉक्टरकडे गेलो, खरं तेच सांगितलं. औषधं झाली, आज दारू बंद होऊन तेरा दिवस. काल खुल्या मीटिंगला दोघं गेलो. "कोणी पहिल्यांदा आलंय का?" असं विचारल्यावर बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मीच हात वर केला. नाव सांगितलं आणि गळा दाटला, पुढे बोलता आलं नाही. कोणी बोल म्हणाला नाही. मग एका काकांनी सांगितलं की ते तीन आठवडे नुसते बाहेरूनच मीटिंग ऐकत होते, खिडकीखाली उभं राहून. सगळे हसले, मीही हसलो.

निघताना त्यांनी कागदावर चार नंबर लिहून दिले. रात्री साडेअकराला पहिला लावला, दुसऱ्या रिंगला उचलला. अल-अॅनॉनची मीटिंग गुरुवारी आहे, बायको एकटी जाणार म्हणतेय.